पाकिटावरची दुसरी ओळ

आमच्या ह्यांना सगळी गल्ली भिंगवाले म्हणते. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग कायम लटकत असतं, जेवतानासुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, कामाचा माणूस आहे, कामापुरतं घालत असेल. चौतीस वर्षं झाली त्याला. आंघोळीला जाताना भिंग खुंटीवर जातं आणि बाहेर आल्यावर टॉवेल खांद्यावर पडायच्या आधी परत गळ्यात येतं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, तिथे मी. मागे पडद्याआड लांबट खोली, तिथे कॅमेरा, दिवे, कॉम्प्युटर आणि हे. कुणाच्या घरी गेलो की हे आधी भिंतीवरची तिरकी फ्रेम सरळ करतात आणि मग यजमानांकडे बघतात. एकदा माझ्या मावसबहिणीला बघायला दवाखान्यात गेलो होतो. ती बिचारी उशीला टेकून पडलेली, तर हे तिला म्हणाले, हनुवटी जरा खाली घ्या. सवयीने. ती आजारी होती म्हणून हसली, मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं.

जुने, फाटलेले, पुसट झालेले फोटो नीट करणं हे ह्यांचं खरं काम. पूर्वी बारीक कुंचल्याने करायचे, चार केसांचा कुंचला आणि ते भिंग. एका चेहऱ्याला तीन-तीन दिवस. गिऱ्हाईक रोज येऊन विचारणार, झालं का, आणि मी रोज नवीन थाप मारणार. हे पडद्यामागे बसून सगळं ऐकणार, पण बाहेर येणार नाहीत. बोलणी खायला मी आहेच.

त्यातून ह्यांचं ते पाकीट. प्रत्येक कामाला एक खाकी पाकीट, त्यात मूळ फोटो, आणि पाकिटावर छापून घेतलेल्या दोन ओळी. पहिली, काय करायचं. दुसरी, काय करायचं नाही. दुसरी ओळ भरल्याशिवाय हे कामाला हात लावत नाहीत. लोकांना पहिली ओळ कळते. फोटो मोठा करा, डाग काढा, छान करा. दुसऱ्या ओळीपाशी सगळे अडतात. मग हे बाहेर येऊन विचारणार, कपाळावरची खोक ठेवायची की काढायची? डोळा जरा तिरळा होता का? समोरचा माणूस चिडतो, त्याला बस पकडायची असते. पण एकदा बेकरीवाला अर्धा तास उभा राहिला आणि शेवटी त्याने लिहिलं, आजोबांचा डावा कान मोठा होता, तो लहान करायचा नाही. हे आठवडाभर खुशीत होते. मला तो कान तोंडपाठ झाला.

दोन वर्षांपूर्वी लेक आली आणि बापाचे कष्ट बघून तिने कॉम्प्युटरवर एक एआयचा प्रोग्राम घालून दिला. पुसट फोटो द्यायचा, बटण दाबायचं, मिनिटभरात तो मोठा होऊन लख्ख बाहेर येतो. मी मनात म्हटलं, सुटले. कसली सुटतेय. पूर्वी एका फोटोला तीन दिवस लागायचे, आता मशीनचं एक मिनिट आणि त्यानंतर ह्यांची चार दिवस कुरकुर. मशीनने कुणाच्या मावशीला सहा बोटं दिली. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात जगात कुठेच नसतील असे आकडे काढले. एका कुत्र्याला माणसाचे डोळे लावले, तो कुत्रा तर आपलं काहीतरी गुपित माहीत असल्यासारखा बघत होता. मोठी माणसं, लहान माणसं, सगळ्यांची कातडी कशी तुकतुकीत, आणि ज्याला त्याला तेच हसू.

हे म्हणायचे, "दिसत नाही तिथे हे मशीन गप्प बसत नाही. मनाचं सांगतं."

मी म्हटलं, तसं तर तुमचे थोरले भाऊही करतात. त्यावर हे म्हणाले, तो फोटोत नाही करत. मी हात टेकले.

अशात एक बसड्रायव्हर आला. पन्नाशीच्या आसपासचा, उंच, धिप्पाड, पण बोलायला लागला की एक हात तोंडावर. मला अर्धं ऐकूच येईना. तीनदा विचारलं तेव्हा कळलं. त्याने एक घडी पडलेला फोटो काउंटरवर ठेवला. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायांचा ग्रुप फोटो, चाळीसएक बाया, तीन रांगा. त्याने बोट ठेवलं, मागची रांग, डावीकडून तिसरी. त्याची आई. चेहरा शर्टाच्या बटणाएवढा, त्यातही धुरकट. तो दोन वर्षांचा असताना ती गेली. दुसरा फोटो नाही. त्याला आईचा चेहरा अजिबात आठवत नाही. आठवतो तो फक्त त्याच्या ताईला, ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि पुढे तिनेच त्याला वाढवलं.

आता ताईचे डोळे चालले होते. हे सांगताना मात्र त्याने तोंडावरचा हात काढला आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की नजर महिन्यामहिन्याने कमी होणार, परत येणार नाही, आहे तोवर जे बघायचं ते बघून घ्या. ताई म्हणाली होती, आईला एकदा नीट बघायचंय. बटणाएवढा चेहरा तिला भिंगातूनही दिसत नव्हता. डोळे तपासायला ती मोठ्या शहरात गेली होती, शुक्रवारी परत येणार होती. तोवर आई मोठी करून भिंतीवर लावायची, असं त्याच्या मनात होतं.

आमचे हे बाहेर आले आणि त्यांनी पाकीट पुढे केलं. पहिली ओळ त्याने भराभर लिहिली. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

"मला काय माहीत, दादा," तो म्हणाला, "काय बदलायचं नाही ते?"

हे म्हणाले, ताईंना विचारून या. तो म्हणाला, तिला आधी कळू द्यायचं नाहीये. हे म्हणाले, मग माझा नाइलाज आहे. धिप्पाड माणूस काउंटरला धरून उभा, डोळ्यांत पाणी, आणि ह्यांना ओळ पाहिजे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाकीट ओढून घेतलं, दुसऱ्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि त्याला सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी या.

चार दिवस हे आणि मशीन एकमेकांच्या मागे लागले होते. मशीनने त्या एका बटणातून पाच बाया काढल्या. पाचही सुरेख, आणि पाची पाच तऱ्हेच्या. एकीचं नाक सरळ, दुसरीचं बसकं. हे म्हणाले, ह्यातली एकही तिथे नाहीये, तिथे फक्त ठिपके आहेत. त्यातल्या पाचव्या बाईचा ह्यांनी मोठा प्रिंट काढून पाहिला आणि पालथा घालून ठेवला. मी तो उचलून पाहिला. मोठे डोळे, ओठ थोडे विलग, मोत्यासारखे दात, प्रेमळ हसू. आई म्हटल्यावर आणखी काय हवं, मला कळेना.

शुक्रवारी हे शाळेच्या वर्गांचे फोटो काढायला गेले. जाताना बजावून गेले, तो आला तर सांग, झालेलं नाही. तो आला. मी तोंड उघडलं होतं सांगायला, खरंच उघडलं होतं. पण त्याने नवीन शर्ट घातला होता, आणि फ्रेमसुद्धा आधीच घेऊन आला होता. मी पालथा प्रिंट सुलटा केला.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. "वहिनी," म्हणाला, "अशी होती होय ती."

मी त्याला फ्रेम बसवून दिली. जवळ ठेवायला एक लहान कॉपीही दिली. पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं मला त्या दिवशी, खोटं कशाला बोलू?

हे परत आले, जागा रिकामी पाहिली, पाकीट उलटसुलट केलं. भांडले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते. पण हे भांडत नाहीत. गप्प होतात. पुढचे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलणं. चहा हवा का विचारलं तर उत्तर कॅमेऱ्याकडे बघून. मीही म्हटलं, राहा. एका माणसाला आई मिळाली, एका बाईला डोळे जायच्या आत बघायला मिळाली, आणि हे बसलेत फुगून.

पंधराव्या दिवशी दुपारी एक बाई काउंटरच्या कडेला हात लावत लावत आत आल्या. साधी सुती साडी, गडद चष्मा. ड्रायव्हरची ताई आहे म्हणाल्या. मी लगबगीने स्टूल पुढे केलं आणि तोंडभर हसून विचारलं, आवडला ना फोटो?

"फोटो चांगला आहे, वहिनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ती आमची आई नाही."

मी काहीबाही बोलू लागले, की तुम्हाला कमी दिसतं, नजरेमुळे तसं वाटत असेल. त्या म्हणाल्या, दिसतं कमीच, पण एवढे पांढरे दात तर मलाही दिसतात. आईने कधी दात दाखवले नाहीत. पुढचा एक दात बाहेर होता तिचा, त्याची लाज वाटायची, म्हणून ती ओठ दाबून धरायची. कारखान्यात तो फोटो काढताना फोटोवाला सारखा हसा म्हणून ओरडत होता आणि आई हसली नव्हती, हे तिने स्वतः घरी येऊन सांगितलं होतं. मग म्हणाल्या, भावाला सांगू नका, तो फार खूश आहे. पण मला माझी आई पाहिजे. माझ्याकडे दिवस थोडे आहेत.

पडदा सरकला. हे बाहेर आले, खणातून तेच खाकी पाकीट काढलं, आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवलं.

"लिही," म्हणाले. "दुसरी ओळ. ताई सांगतील."

मी माझी आडवी रेघ खोडली आणि त्याखाली लिहिलं, तोंड उघडायचं नाही. ताई आणखी सांगत गेल्या. भुवया जाड होत्या, कोरायच्या नाहीत. गाल भरायचे नाहीत, ती वाळकी होती. डावा खांदा शिलाई मशीन चालवून खाली आलेला, तो सरळ करायचा नाही. ओळ संपली, पाकिटाची पुढची बाजू संपली, मागच्या बाजूवर लिहिलं. माझं अक्षर नेहमी चांगलं येतं, त्या दिवशी आलं नाही.

मग रोज दुपारी ताई यायच्या, भाऊ ड्यूटीवर गेला की. हे कॉम्प्युटरवर एक-एक गोष्ट बदलत जायचे, मोठी करून दाखवायचे, आणि त्या स्क्रीनला नाक लावून बघायच्या. नाही, म्हणायच्या. ओठ मिटवले, नाही. भुवया जाड केल्या, नाही. ह्यांनी वीस तऱ्हेने हनुवटी बदलली. सहाव्या दिवशी ह्यांनी भिंग काढून टेबलावर आपटलं. मी घाबरलेच, चौतीस वर्षांत ते आपटलेलं पाहिलं नव्हतं. हे ताईंना म्हणाले, जितकं सुधारतोय तितकी ती लांब जातेय. ताई म्हणाल्या, मलाही आता नक्की सांगता येईना दादा, इतक्या बघितल्या की माझ्या डोक्यातली पुसायला लागली. असं म्हणून त्या रडल्या. मी पाणी आणायला आत गेले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले. हे माझ्या एका रेघेचं फळ होतं.

ह्यांनी शेवटचा उपाय काढला, जुना, हाताचा. मूळ फोटोतला चेहरा खांद्यांसकट, मशीनशिवाय, काही न भरता, न सुधारता, नुसता ताणून खिडकीच्या दाराएवढा छापला, म्हणजे त्यावर कुंचल्याने काम करता येईल. करडे, काळे, पांढरे ठिपके, बस. जवळून बघितलं तर सांडलेली रांगोळीसुद्धा जास्त कळेल. तो कागद मागच्या खोलीच्या टोकाच्या भिंतीवर लावला आणि हे रंग कालवायला बसले.

ताई नेहमीच्या वेळी आल्या. पडद्यापाशी आल्या आणि थांबल्या. एक हात दाराच्या चौकटीवर.

"झालं की," म्हणाल्या.

हे म्हणाले, अहो अजून हातही लावला नाही. ताई ऐकतच नव्हत्या. त्यांनी गडद चष्मा काढला होता. ही, ही, एवढंच म्हणत होत्या. खांदा बघा म्हणाल्या. ओठ बघा, कसं दाबून धरलंय हसू. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला माझ्या चष्म्यातून ठिपकेच दिसत होते. मग ह्यांनी, तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून, सांगितलं, चष्मा काढ.

मी काढला. खोली धुरकट झाली, भिंत धुरकट झाली, ठिपके एकमेकांत मिसळले आणि भिंतीवर एक वाळकी, जाड भुवयांची बाई उभी होती, चिडलेली आणि हसू आवरणारी. ती तिथे होतीच. आमच्या चांगल्या नजरेने आणि त्या मशीनने मिळून तिला दिसू दिलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हर दारात. ताई रोज दुपारी कुठे जाते म्हणून शोधत आला होता. तो आत येऊन थेट कागदासमोर गेला, म्हणाला हे काय, हे तर खराब झालंय. ताई काही बोलेनात. हे बोलेनात. म्हणून मीच बोलले. जे घडलं ते सगळं सांगितलं, ह्यांनी नको म्हटलं असताना मी फोटो दिला, तो चेहरा मशीनने मनाने बनवला, चूक माझी आहे.

त्याचा हात तोंडावर गेला. हाताआडून तो म्हणाला, "मी तिला गाडीत लावलंय, वहिनी. रोज सकाळी गाडी सुरू करताना नमस्कार करतो."

माफ करा म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही.

ताईंनी त्याचा दंड धरला आणि मागे, दारापर्यंत आणला. इथून बघ, म्हणाल्या. डोळे बारीक कर. माझ्यासारखे कर. तो बराच वेळ चिडून नुसता उभा होता. मग त्याने डोळे बारीक केले.

शेवटी तो म्हणाला, ही हसत का नाही?

"दात लपवतेय," ताई म्हणाल्या. "पुढे होता तिचा. तुझ्यासारखाच, वेड्या. तू तरी कुठे हसतोस?"

त्याने हात खाली घेतला. तेव्हा मी त्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं. वरचा एक दात बाहेर होता, फार नाही, थोडासा. त्या दाताची त्याने आयुष्यभर लाज धरली होती. आता तो समोर बघत होता, डोळे बारीक, दात उघडा, आणि रडत होता. हे माझ्या शेजारी उभे होते, कॅमेरा हाताशी होता. ह्यांनी हनुवटी खाली घ्या म्हटलं नाही. कॅमेऱ्याला हातही लावला नाही. मी चौतीस वर्षांचं सगळं माफ केलं तेवढ्यापुरतं.

दोन दिवसांनी ड्रायव्हर परत आला. कागद घरी भिंतीवर लागला होता, ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला पलंग हलवून घेऊन रोज बघत होत्या. त्याने ती फ्रेम आणली होती, मी दिलेली, मोत्यासारख्या दातांची. कागदात नीट गुंडाळून.

"फेकवत नाही, वहिनी," तो म्हणाला, तोंडावर हात न ठेवता. "कुणाची तरी आई असेल ना ही. त्यांना देऊन टाका."

ती कुणाचीच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती फ्रेम अजून माझ्या काउंटरच्या खालच्या खणात आहे. पाकिटं काढायला खण उघडला की ती प्रेमाने हसते. आता नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी दुसरी ओळ भरून घेते. लोक माझ्यावर वैतागतात, त्यांना बस पकडायची असते. हे पडद्यामागून ऐकत असतात आणि बाहेर येत नाहीत.